दुसरीची पुस्तकं

शाळा उघडायच्या दिवशी मेहमुदा सकाळी सातलाच शाळेच्या स्वयंपाकखोलीत येऊन बसली. एवढ्या लवकर यायची काही गरज नव्हती. पहिल्या दिवशी पोरांना शिरा द्यायचा असतो, तो तासाभरात होतो. पण घरात तिला बसवत नव्हतं.

बिद्रीच्या साखर कारखान्यापासून चार-पाच किलोमीटरवरची ही वाडी. चौथीपर्यंतची शाळा, तीन वर्गखोल्या आणि कडेला पत्र्याची स्वयंपाकखोली. अकरा वर्षं मेहमुदा इथं पोरांना भात-आमटी, खिचडी शिजवून घालत होती. तिचा नवरा मौलाली हा गावचा जुना शिंपी. मुलगा तोहिद विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. सून अफसाना घर सांभाळायची. आणि नात सुहाना याच शाळेत पहिलीत होती. मे महिन्याच्या सुट्टीत तिला डेंगी झाला आणि पाच दिवसांत ती गेली. सात वर्षांची पोर.

मेहमुदाच्या जोडीला काम करणारी धोंडुबाई साडेआठला आली. मेहमुदा स्वच्छ पातेली पुन्हा घासत बसलेली बघून ती दारातच थबकली.

"मेहमुदा, ती काल घासून ठेवलीत की मी."

"धूळ बसली हुती."

धोंडुबाईनं वाद घातला नाही. पदर खोचून ती रव्याचं पोतं सोडायला बसली. थोड्या वेळानं, मान वर न करताच म्हणाली, "आज तू वाढाय जाऊ नगंस. मी वाढतो. तू हिथंच गॅसपाशी ऱ्हा."

"का? मला काय झालंय?"

"झालं न्हाय काय. आपलं म्हटलं."

दहा वाजता पहिलीची नवी पोरं आली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला फुगे बांधले होते, पुढं हलगी वाजत होती. सरपंच फेटा बांधून उभे होते आणि हेडगुरुजी मोबाइल घेऊन फोटो काढायला सगळीकडं पळत होते. ट्रॉलीत निम्मी पोरं रडत होती. मेहमुदानं खिडकीतनं बघितलं आणि चटकन तोंड फिरवलं.

मागच्या वर्षी अशाच ट्रॉलीतनं सुहाना आली होती. ती रडली नव्हती. शेजारच्या रडणाऱ्या पोराला ती मोठ्यानं सांगत होती, "रडू नगं रं, हिथं माझी दादी हाय. तिच्याकडं लई भात असतोय!" त्या दिवसापासून अख्खी शाळा मेहमुदाला दादीच म्हणायला लागली. त्याआधी ती नुसती मावशी होती.

दुसरीचा वर्ग स्वयंपाकखोलीला चिकटूनच. मधल्या भिंतीला वर झरोका होता, त्यातनं वर्गातला शब्द न् शब्द ऐकू यायचा. दुसरीला या वर्षी नव्या बाई आल्या होत्या, संयोगिता बाई. शिरोळकडनं बदली होऊन त्या त्याच दिवशी हजर झाल्या होत्या. जुन्या गुरुजींची मेमध्येच दुसरीकडं बदली झाली होती. हेडगुरुजी बाईंना वर्गाबद्दल सगळं सांगणार होते, पण सकाळपासून त्यांना ना श्वास घ्यायला सवड मिळाली ना दोन शब्द बोलायला.

मेहमुदानं रवा भाजून घेतला होता. उकळतं पाणी ओतून ती ढवळायला लागली, तेवढ्यात पलीकडं हजेरी सुरू झाली.

"आदर्श."

"हजर बाई!"

"राजवीर."

"हजर!"

"राजनंदिनी."

"हजर बाई."

बाईंचा आवाज तरुण होता, गोड होता. नाव घेऊन त्या जरा थांबायच्या, बहुतेक पोराचा चेहरा बघून घेत असाव्यात.

"सुहाना मुल्लाणी."

मेहमुदाच्या हातातला झारा थांबला.

"सुहाना? कोण आहे सुहाना? आली नाही का?"

"ती न्हाय बाई," कुणीतरी म्हणालं.

"ती मामाच्या गावाला गेलीया."

"न्हाय वं बाई, ती हारपली. आमची आई म्हणत हुती, मुल्लाण्यांची पोर हारपली म्हणून."

मग राजनंदिनीचा आवाज आला. ही सुहानाची मैत्रीण. वर्षभर दोघी एका बस्करावर बसल्या होत्या. "येणार हाय ती. मी तिची जागा धरून ठिवलीया. कुणाला बसू दिली न्हाय."

"शहाणी मुलगी," बाई म्हणाल्या. बाकीचं त्यांनी पोरांची बडबड म्हणून सोडून दिलं असावं, कारण लगेच पुढचं नाव घेतलं.

शिऱ्याचा करपट वास सुटला. धोंडुबाईनं पुढं होऊन गॅस बंद केला आणि मेहमुदाच्या हातातनं झारा काढून घेतला. घरोघरच्या आयांनी पोरांना काहीबाही सांगून वेळ मारून नेली होती, हे दोघींनाही तेव्हाच कळलं. खरं कुणीच सांगितलं नव्हतं. सात वर्षांच्या पोराला सात वर्षांचं पोर मेलं म्हणून कसं सांगायचं?

त्या दिवशी धोंडुबाईनंच वाढलं. मेहमुदा खालचा करपलेला थर खरवडत बसली.

दुपारी एकला शाळा सुटली. धोंडुबाई भांडी घेऊन नळावर गेली होती. मेहमुदा ओटा पुसत असताना संयोगिता बाई दारात आल्या. हातात पुस्तकांचा गठ्ठा होता, नवा कोरा, वर सुतळी बांधलेला.

"मावशी, तुम्हीच मेहमुदा मावशी ना? मुलांनी सांगितलं, सुहाना तुमची नात आहे म्हणून."

मेहमुदानं मान हलवली.

"बघा, आज सगळ्यांना पुस्तकं वाटली. पहिल्या दिवशी नवं पुस्तक हातात पडलं की पोरं किती खूश होतात! ती आली नाही, म्हणून म्हटलं तुमच्याकडंच द्यावी. घरी जाऊन तिच्या हातात द्या. आणि उद्या नक्की पाठवा हं. तिची मैत्रीण वाट बघतेय तिची."

बाईंनी गठ्ठा पुढं केला. मेहमुदानं ओले हात पदराला पुसले आणि तो घेतला.

"बरं बाई," ती म्हणाली.

बाई हसून निघून गेल्या. मेहमुदा गठ्ठा छातीशी धरून तशीच उभी राहिली. सांगायला हवं होतं, हे तिला कळत होतं. जिभेवर आलंही होतं. पण दीड महिना जो तो घरी येऊन हळू आवाजात बोलत होता, डोळे पुसत होता, सबर कर म्हणत होता. अख्ख्या गावात ही एकच बाई अशी भेटली, जी सुहानाला उद्या पाठवा म्हणत होती. तिच्यापुरती तरी पोर अजून जिवंत होती. ते आपल्या तोंडानं मोडायला मेहमुदाची जीभ वळली नाही.

पुस्तकं पदराखाली घेऊन ती घराकडं निघाली. वाटेत कुणी विचारू नये म्हणून तिनं गावातला रस्ता सोडला आणि उसाच्या कडेची पायवाट धरली. चालताना तिला बुधवार आठवत होता. तसा तो रोजच आठवायचा.

रविवारी सुहानाला ताप चढला. गावातल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. सोमवार, मंगळवार पोर तापानं फणफणत होती. बुधवारी सकाळी अंग गार लागलं. घोटभर पेज पिऊन पोर भिंतीला टेकून बसली, आणि मेहमुदाच्या जिवात जीव आला. तेव्हाच अफसाना म्हणाली होती, "अम्मा, आपण हिला कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात न्हेऊया. मला ही नीट वाटंना झालीया." मेहमुदा म्हणाली, "ताप उतरलाय की. एवढ्या उन्हाचं लेकराला कशाला हालवतीस? आजचा दिस बघूया." संध्याकाळी सुहानाचे हातपाय थंड पडले. तोहिदनं गाडी मिळवली, कोल्हापूर गाठलं. गुरुवारी दुपारी सगळं संपलं. दवाखान्यातल्या डॉक्टरनं तोहिदला बाजूला घेऊन सांगितलं, या तापात ताप उतरतो तेव्हाच खरा धोका असतो, सकाळी आणायला हवं होतं. मेहमुदा मागंच उभी होती. तिनं ते ऐकलं. अफसानानंही ऐकलं.

त्यानंतर अफसाना सासूशी कामापुरतंच बोलायची. पीठ संपलंय. पाणी आलंय. दार लावा. बुधवारचं एकदाही तिनं तोंडातनं काढलं नव्हतं. तिनं शिव्या दिल्या असत्या, तर मेहमुदाला बरं वाटलं असतं.

घरी मौलाली ओसरीत मशीनवर बसला होता. बायकोच्या पदराखालचा गठ्ठा बघून त्याचे पाय थांबले.

"काय हाय गं?"

"पुस्तकं."

"कुणाची?"

मेहमुदानं गठ्ठा पदराखालनं काढून पुढं धरला. मौलालीनं गठ्ठ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि चष्मा काढून ठेवला. तेवढ्यात अफसाना आतनं आली. तिनं पुढं होऊन गठ्ठा घेतला. सुतळी सोडली. वरचं पुस्तक हातात घेतलं. आत पहिल्याच पानावर नाव लिहायला रेघ होती, कोरी.

"कुठनं आणली?"

"नव्या बाई आल्यात. त्यांनी दिली. त्यांना म्हाईत न्हाय काय."

"मग तुम्हाला सांगाय येत न्हवतं?"

"न्हाय आलं."

"आन् घेतली?"

"घेतली."

अफसाना खाली बसली. पुस्तकाची पानं उलटत राहिली. चित्रं होती, मोठ्या अक्षरातले धडे होते. दोन-चार पानं उलटली आणि ती थांबली.

"अम्मा, बुधवारी मी म्हटलं हुतं," ती म्हणाली.

मेहमुदा खांबाला धरून उभी होती. "म्हटलं हुतंस."

"कोल्हापूरला न्हेऊया म्हटलं हुतं."

"व्हय."

"तुम्ही म्हटला, ताप उतरलाय."

"म्हटलं मी."

"का म्हटला? काय बघून म्हटला?" अफसानाचा आवाज चढला. पलीकडच्या घरातली बाई दारात येऊन परत आत गेली. "तुम्ही काय डॉक्टर हाय व्हय?"

"तोहिद ल्हान हुता तवा त्याचा ताप उतरला की तो खेळाय लागायचा," मेहमुदा म्हणाली. "मला वाटलं, हिचंबी तसंच. दुसरं काय न्हवतं माझ्या मनात. मला वाटलं, उतरला." मग कसंबसं म्हणाली, "चूक माझी हाय, अफसाना. मला ठावं हाय. तू काय बोलायचं ते बोल."

अफसानानं मांडीवरचं पुस्तक बाजूला सारलं. "तुमची हाय म्हटलं, तर माझी कमी हुतीया व्हय? मी आई हुतो तिची. मला नीट वाटत न्हवतं ना? मग उचलायची हुती आन् निघायचं हुतं. तुम्ही काय माझं हात बांधलं हुतं? मी का गप बसलो, अम्मा? का ऐकलं मी तुमचं?"

मेहमुदा तिच्याकडं बघतच राहिली. दीड महिना ती समजत होती की सुनेचा अबोला आपल्यावर आहे. त्यातला निम्मा अबोला सून स्वतःशीच धरून बसली होती. मेहमुदाच्या ते कधी ध्यानातच आलं नव्हतं.

ती जाऊन अफसानाच्या शेजारी बसली. पाठीवर हात ठेवावा असं वाटलं, पण ठेवला नाही. अजून तेवढा हक्क आपल्याला आहे की नाही, याची खात्री नव्हती. मग अफसानानं विचारलं, "शाळेत तिचं नाव घेतलं?"

"घेतलं."

"मग पोरं काय म्हटली?"

मेहमुदानं सांगितलं. मामाच्या गावचं सांगितलं, हरपलीचंही सांगितलं. राजनंदिनीनं जागा धरून ठेवल्याचं सांगितलं.

"हारपली?" अफसाना म्हणाली. "माझी पोरगी काय जत्रंत हारपलीया?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहमुदा निघाली, तेव्हा अफसानानं गठ्ठा पुन्हा बांधून उंबऱ्यापाशी ठेवला होता. "ही परत द्या. सरकारी हाईत, दुसऱ्या पोराला हुतील. आन् अम्मा, पोरांना सांगा. खरं काय ते सांगा. ती वाट बघणारी पोरगी किती दिस जागा धरून बसणार?"

शाळेच्या फाटकापाशी संयोगिता बाई उभ्याच होत्या. आदल्या दिवशी संध्याकाळी हेडगुरुजींनी त्यांना फोनवर सगळं सांगितलं होतं. मेहमुदाच्या हातातला गठ्ठा बघितला आणि बाईंचा चेहरा पार उतरला.

"मावशी, मला माफ करा. मी काय करून बसले! मला कुणी..."

"तुम्हाला काय म्हाईत, बाई. तुमचा काय दोष न्हाय. तुम्ही चांगल्या मनानंच दिली." मेहमुदानं गठ्ठा त्यांच्या हातात दिला. "पोरांना सांगायचं हाय. तिच्या आईनं सांगितलंय."

"मी रात्रभर तोच विचार करतेय. कसं सांगू, मला शब्द सुचेना झालेत. मी तर तिला बघितलंही नाही."

"मी सांगतो," मेहमुदा म्हणाली.

वर्गात ती अकरा वर्षांत शंभरदा गेली असेल, पण नेहमी हातात पातेलं किंवा पळी असायची. रिकाम्या हातानं पहिल्यांदाच गेली. पोरं ओरडली, "दादी आली! आज काय हाय दादी?" ती फळ्याच्या पुढ्यात मांडी घालून खाली बसली. दुसऱ्या ओळीत राजनंदिनी होती. शेजारी तिनं आपलं दप्तर ठेवलं होतं.

"हिकडं बघा सगळी," मेहमुदा म्हणाली. "सुहाना मामाच्या गावाला गेली न्हाय. ती हारपलीबी न्हाय. तिला ताप आला हुता. डास चावला की येतोय, तसला. दवाखान्यात न्हेलं. तिथं लई प्रयत्न केलं. पण ती वारली. म्हंजे मेली. आता ती शाळंत यायची न्हाय."

बाई खिडकीशी उभ्या होत्या, त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते.

आदर्शनं हात वर केला. "उद्याबी न्हाय?"

"न्हाय."

"दिवाळीची सुट्टी झाल्यावर?"

"तवाबी न्हाय, बाळा. कधीच न्हाय."

"तिला दुखलं काय?"

"पहिल्यांदा दुखलं. मग झोप लागली तिला."

"दादी, माझी पेन्सिल हाय तिच्याकडं," राजवीर म्हणाला. बाई त्याला गप्प करायला पुढं आल्या, पण मेहमुदानं हातानंच थांबवलं.

"आणून देतो तुला."

राजवीरनं जरा विचार केला. "नगं. ऱ्हाऊ दे तिला."

राजनंदिनीनं शेजारचं दप्तर ओढून मांडीवर घेतलं आणि त्याच्या बंदाशी चाळा करत राहिली. मेहमुदा उठायला लागली, तेव्हा तिनं विचारलं, "मला का न्हाय सांगितलं तिनं?"

"कुणालाच न्हाय सांगितलं गं तिनं," मेहमुदा म्हणाली. "मलाबी न्हाय."

वर्गातनं ती नीट चालत बाहेर आली. स्वयंपाकखोलीत जाऊन तिनं तांदूळ धुवायला घेतले. नळ सोडला, पातेलं भरलं, भरून वाहायला लागलं, तांदूळ पाण्याबरोबर मोरीत जायला लागले, तरी तिचा हात नळाकडं जाईना. आणि मग ती रडायला लागली. दवाखान्यात रडली नव्हती, माती झाली त्या दिवशी रडली नव्हती. आपल्याला रडायचा हक्क नाही असंच तिला वाटत आलं होतं. आता ती ओट्यावर डोकं टेकून मोठ्यानं रडली. धोंडुबाईनं नळ बंद केला, दार लोटून घेतलं आणि तिच्या शेजारी उभी राहिली.

"रड," एवढंच ती म्हणाली. त्या दिवशीची खिचडी तिनं एकटीनंच केली. वाढायला मात्र मेहमुदा गेली.

दुपारी घरी आली, तेव्हा अफसाना ओसरीत तिची वाट बघत बसली होती. गेल्या दीड महिन्यात असं पहिल्यांदाच. मेहमुदानं चपला काढायच्या आत तिनं विचारलं, "सांगितलं?"

"सांगितलं."

"काय म्हटली पोरं? कोण काय म्हटलं?"

"काय म्हणणार, ल्हान हाईत."

"तसं नगं, अम्मा. नीट सांगा. बसा हिथं."

मेहमुदा बसली. तिनं आदर्शचं सांगितलं, उद्या आणि दिवाळीचं. राजवीरच्या पेन्सिलीचं सांगितलं. ते ऐकून अफसाना एकदम हसली आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. "कुणाचंबी उचलून आणायची ती," ती म्हणाली. "खोडरबर तर किती आणली हुती. मी मारलं हुतं एकदा."

"मला म्हाईत हाय. मग माझ्याकडं येऊन रडली हुती."

"तुम्ही गूळ दिला आसंल."

"दिला की."

दीड महिन्यात या घरात सुहानाचं नाव कुणी घेतलं नव्हतं. आता घेतलं, तर थांबवत नव्हतं. कडेला मौलालीची मशीन बंद झाली होती. तो उठून त्यांच्याजवळ येऊन बसला. अफसानानं पुन्हा विचारलं, "आन् ती पोरगी? राजनंदिनी? ती काय म्हटली, परत सांगा."

मेहमुदानं परत सांगितलं. अफसानानं ते गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकलं.

संध्याकाळी तोहिद आला. ग्रीसनं काळे झालेले हात तसेच ठेवून तो दारात उभा राहिला. आई आणि बायको एका चटईवर बसलेल्या बघून त्याला काही कळेना.

"काय झालंय?"

"हात धुवून या," अफसाना म्हणाली. "अम्मा शाळंत गेलत्या आज. सुहानाच्या वर्गात."

तोहिद हात धुवून आला आणि त्यांच्यासमोर बसला. मेहमुदानं त्याला पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.